तीन नकार ते नीना : कॅरी मलिगनची घडण (२००३–२००८)

२०१० च्या फेब्रुवारीत ‘ॲन एज्युकेशन’ या चित्रपटातल्या कामासाठी कॅरी मलिगनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्याच हंगामात ऑस्करचं नामांकनही आलं. वय चोवीस. चित्रपटसृष्टीसाठी ती नवा चेहरा होती. पण लंडनच्या स्लोन स्क्वेअरमधल्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात नेमाने जाणाऱ्यांनी तिला २००४ मध्येच पाहिलं होतं, आणि बीबीसीच्या मालिका बघणाऱ्या घरांत ती २००५ पासून येत-जात होती.

हा अभ्यास त्या आधीच्या वर्षांचा आहे. ड्रामा स्कूलच्या नकारांपासून २००८ च्या डिसेंबरात ब्रॉडवेवर संपलेल्या ‘द सीगल’च्या प्रयोगांपर्यंत. प्रश्न असा, की जिला एकाही नाट्यशिक्षण संस्थेने घेतलं नाही, ती मुलगी जेमतेम चार वर्षांत चेकॉव्हच्या या नाटकातली नीना पेलण्याइतकी तयार कशी झाली? ओळखीपाळखी आणि नशीब यांचा वाटा त्यात आहे आणि तो मी लपवणार नाही. पण ओळखीने ऑडिशन मिळते, भूमिका उभी करता येत नाही. माझ्या मते तिची खरी घडण झाली ती ज्या कामांचा तिच्या चरित्रांत एका ओळीत निकाल लावला जातो त्या दुय्यम भूमिकांत, आणि रंगमंच व टीव्ही यांच्यामध्ये तिने अखंड चालू ठेवलेल्या ये-जा करण्यात.

नकार आणि पत्रं

कॅरीचा जन्म २८ मे १९८५ चा, लंडनचा. वडील मोठ्या हॉटेलांचे व्यवस्थापक, आई मूळची वेल्सची आणि पेशाने प्राध्यापक. वडिलांच्या नोकरीपायी कुटुंब काही वर्षं जर्मनीत होतं. ड्युसेलडॉर्फच्या आंतरराष्ट्रीय शाळेत भाऊ ‘द किंग अँड आय’ या संगीत नाटकात काम करत होता. सहा वर्षांच्या कॅरीने तालीम पाहिली आणि मलाही घ्या म्हणून हट्ट धरला. शिक्षकांनी तिला कोरसमध्ये उभं केलं. इंग्लंडला परतल्यावर ती सरे परगण्यातल्या वोल्डिंगम या कॅथलिक मुलींच्या निवासी शाळेत शिकली. तिथल्या नाटकांत तिने कामं केली, नाट्यविभागाची विद्यार्थी-प्रमुख झाली, खालच्या वर्गांतल्या मुलींच्या कार्यशाळा घेतल्या.

घरी हे पसंत नव्हतं. मुलीने विद्यापीठात जावं, पदवी घ्यावी, मग काय ते बघू, असा आईवडिलांचा धोशा. हा तिढा मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. सोळाव्या वर्षी तिने थेट नामवंत अभिनेते-दिग्दर्शक केनेथ ब्राना यांना पत्र लिहिलं. घरचे नाही म्हणतात, पण अभिनय हेच माझं काम आहे असं मला वाटतं, अशा आशयाचं. उत्तर ब्राना यांच्या बहिणीने पाठवलं. इतकी ओढ वाटत असेल तर अभिनेत्री व्हायलाच हवं, असं केनेथ म्हणतो, हा त्याचा मथितार्थ. सतराव्या वर्षी तिने विद्यापीठाऐवजी लंडनच्या तीन ड्रामा स्कूलकडे अर्ज केले. तिन्हीकडून नकार आला.

याच काळात ज्युलियन फेलोज वोल्डिंगमला व्याख्यानासाठी आले होते. ‘गॉसफर्ड पार्क’च्या पटकथेसाठी २००२ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं होतं. व्याख्यानानंतर कॅरीने त्यांना गाठलं. त्यांनी तिला या धंद्यात पडू नकोस असंच सुचवलं. नकार पदरात पडल्यावर तिने त्याच फेलोज यांना पत्र लिहिलं. त्यांच्या पत्नी एमा यांनी अभिनयात येऊ पाहणाऱ्या काही तरुण मुलामुलींसाठी जेवण ठेवलं होतं, त्याचं बोलावणं तिला गेलं. तिथून कास्टिंगमधल्या एका सहायकाशी गाठ पडली, तिथून ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची ऑडिशन. या मधल्या काळात ती एका पबमध्ये गिऱ्हाइकांना पेयं देत होती आणि ईलिंग स्टुडिओत निरोप्याची कामं करत होती.

पत्रांची ही गोष्ट मुलाखतींतून इतकी फिरली आहे की ती एखाद्या चमत्कारासारखी वाचली जाते. मला त्यात वेगळंच दिसतं. ब्राना यांचं उत्तर आलं तेव्हा तिच्या हातात उत्तेजनापलीकडे काही नव्हतं, आणि फेलोज यांनी तर तोंडावर नको म्हटलं होतं. तरी दुसरं पत्र तिने त्यांनाच लिहिलं, ज्यांना ती भेटली होती आणि ज्यांना तिचा चेहरा आठवण्याची शक्यता होती. अठराव्या वर्षी एवढी व्यवहारबुद्धी असणं मला त्या ओढीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

घोळक्यातली मुलगी

जो राइट यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चं चित्रीकरण २००४ च्या उन्हाळ्यात झालं. बेनेट कुटुंबाच्या घरासाठी केंटमधला ग्रूमब्रिज प्लेस हा जुना वाडा घेतला होता. कॅरीला मिळाली किटी, पाच बहिणींतली चौथी. ज्यांनी जेन ऑस्टिनची मूळ कादंबरी वाचली आहे त्यांना माहीत आहे की किटीला स्वतःची गोष्टच नाही. ती धाकट्या बहिणीच्या, लिडियाच्या मागे धावते, लिडिया हसली की हसते, लिडियाला बोलावणं आलं आणि आपल्याला नाही म्हणून रडते. राइट यांनी घरातले प्रसंग एकमेकांच्या बोलण्यावर बोलणाऱ्या गोंगाटात बसवले आहेत, कॅमेरा खोल्याखोल्यांतून फिरत राहतो. अशा चित्रीकरणात कोपऱ्यातल्या नटीला ‘आता आपल्यावर कॅमेरा नाही’ असं म्हणून सैल होता येत नाही. चित्रपट पुन्हा पाहताना केवळ किटीवर नजर ठेवावी. ती एकाही चौकटीत रिकामी उभी नाही.

त्याच वर्षी शरदात रॉयल कोर्टमध्ये केविन एलियट यांच्या ‘फॉर्टी विंक्स’मधून तिचं रंगमंचावर पदार्पण झालं. दिग्दर्शन केटी मिचेल यांचं. मिचेल यांची तालीम इंग्लंडमध्ये सर्वांत काटेकोर समजली जाते. स्तानिस्लावस्कीच्या पद्धतीवर आधारलेली, पात्राचा पूर्वेतिहास, खोलीबाहेरचं हवामान, प्रवेशाच्या आधीच्या तासाभरात काय घडलं, हे सगळं नटांकडून ठरवून घेणारी. ड्रामा स्कूलमध्ये पहिल्या वर्षी जे शिकवतात ते कॅरीला पहिल्याच व्यावसायिक नाटकात, वर पगार मिळवत, शिकायला मिळालं. भूमिका छोटी होती. नाटकाचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. माझ्या दृष्टीने तिच्या सुरुवातीच्या यादीतलं हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक काम आहे.

मग २००५ मध्ये बीबीसीचं ‘ब्लीक हाउस’. डिकन्सच्या अवाढव्य कादंबरीचं रूपांतर अँड्र्यू डेव्हिस यांनी पंधरा भागांत केलं होतं. पहिला भाग तासाभराचा, बाकीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे, आठवड्यातून दोनदा. ‘ईस्टएंडर्स’ या लोकप्रिय मालिकेनंतरची वेळ मुद्दाम निवडलेली. डिकन्स मुळात हप्त्याहप्त्याने लिहायचा, तेव्हा त्याला दैनंदिन मालिकेच्या ओघात आणून ठेवायचं, ही कल्पना. सगळे भाग मिळून सुमारे आठ तास. अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिन नायिका एस्थर, जिलियन अँडरसन लेडी डेडलॉक, चार्ल्स डान्स टल्किंगहॉर्न, आणि कॅरी मलिगन एडा क्लेअर.

एडा ही नटीची परीक्षा पाहणारी भूमिका आहे, कारण तिच्यात धरायला काही नाही. सुंदर, सालस, प्रेमळ. डिकन्सने एस्थरच्या तोंडून तिचं इतकं कौतुक केलं आहे की माणूस म्हणून ती हाताला लागत नाही. तिचा प्रियकर रिचर्ड पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या ‘जार्नडाइस विरुद्ध जार्नडाइस’ या दाव्याच्या नादी लागतो, काम सोडतो, कर्ज करतो, झुरत जातो. एडा पाहत राहते. तिने स्वतः घेतलेला निर्णय एकच, गुपचूप लग्नाचा, आणि तो आपल्याला घडून गेल्यावर कळतो. एस्थरला ती सांगते की आता मी तुझ्याबरोबर घरी येणार नाही, मी याची बायको आहे. त्या प्रसंगात कॅरी रडण्याच्या जवळही जात नाही. आवाज खाली ठेवते आणि बोलता बोलता रिचर्डच्या बाजूला थोडी सरकते. आधीच्या दहा-बारा भागांत ती केवळ ऐकत होती, त्या ऐकण्याचा हिशेब इथे चुकता होतो. एस्थरसाठी मॅक्सवेल मार्टिनला बाफ्टा मिळाला आणि तो रास्त होता. पण एस्थर कुणाशी तरी बोलत असते, आणि ते बरेचदा एडाशी. समोरचा माणूस नीट ऐकत नसेल तर एस्थरही उभी राहिली नसती.

पुढच्या दीड वर्षातली कामं भराभर सांगतो. अल्मेडा नाट्यगृहात मोलिएरच्या ‘द हायपोकाँड्रिअ‍ॅक’मध्ये अँजेलिक, म्हणजे विनोदी नाटकातली प्रेमात पडलेली मुलगी. आयटीव्हीवर मिस मार्पलच्या एका रहस्यकथेत छोटं काम. बीबीसीच्या ‘द अमेझिंग मिसेस प्रिचर्ड’मध्ये, सुपरमार्केटच्या व्यवस्थापिकेवरून पंतप्रधान झालेल्या बाईची थोरली मुलगी. ही मालिका सॅली वेनराइट यांनी लिहिलेली, आजच्या बोलीतली. तोवर बाहुलीसारख्या जुन्या पोशाखात अडकलेल्या कॅरीला तिथे जीन्समध्ये वावरायला मिळालं. आणि ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’मध्ये इझाबेला थॉर्प. फेलिसिटी जोन्स नायिका, इझाबेला तिची गोडबोली, दुटप्पी मैत्रीण. एडाच्या डोळ्यांतला तोच निरागसपणा इथे कॅरी खोट्या नाण्यासारखा वापरते, आणि पाहणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की तो निरागसपणा तिचा स्वभाव नसून तिच्या ताब्यातलं साधन आहे.

नीना

जानेवारी २००७ मध्ये रॉयल कोर्टच्या खालच्या नाट्यगृहात ‘द सीगल’ सुरू झालं. संस्थेचे कलात्मक संचालक इयन रिक्सन यांनी बसवलेलं हे त्या पदावरचं निरोपाचं नाटक. नव्या नाटककारांचं घर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत निरोपाला चेकॉव्ह घ्यायचा, हीच मोठी गोष्ट होती. भाषांतर ख्रिस्तोफर हॅम्प्टन यांचं. क्रिस्टिन स्कॉट टॉमस नामवंत नटी अर्कादिना, चुइटेल एजिओफोर त्रिगोरिन, मॅकेंझी क्रुक अर्कादिनाचा लेखक मुलगा कोन्स्तान्तिन, कॅरी मलिगन नीना. ती एकवीस वर्षांची होती. प्रेक्षागृह चारशेच्या आतलं. शेवटच्या रांगेलाही चेहरा दिसतो.

ही भूमिका अवघड का, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. नीना ही तळ्याकाठच्या जमीनदाराची मुलगी. मुलगी नटी होईल या भीतीने बाप आणि सावत्र आई तिला शेजारच्या वाड्यावर जाऊ देत नाहीत. पहिल्या अंकात ती कोन्स्तान्तिनने लिहिलेलं एक धूसर, प्रतीकांनी लगडलेलं नाटुकलं करून दाखवते. म्हणजे नटीला अशा मुलीचं काम करायचं आहे जी हौसेने, मनापासून आणि फारसं चांगलं नाही असं काम करते. तिला हास्यास्पद करून चालत नाही, कारण मग प्रेक्षकाचं तिच्यावरचं मन उडतं. तिला खरोखर छान करूनही चालत नाही, कारण मग पुढचं सगळं नाटक खोटं पडतं. मधल्या दोन अंकांत ती त्रिगोरिन या नामवंत लेखकाच्या मोहात पडते आणि घर सोडते. तिसऱ्या आणि चौथ्या अंकांच्या मध्ये दोन वर्षं जातात. या दोन वर्षांत तिच्या आयुष्यातलं सगळं घडून जातं. मॉस्को, त्रिगोरिनशी संबंध, मूल, मुलाचा मृत्यू, त्रिगोरिनने टाकणं, गावोगावच्या दुय्यम नाटक कंपन्या. आणि हे सगळं रंगमंचाबाहेर घडतं! चौथ्या अंकाच्या अखेरीस ती वादळी रात्री परत येते, एकाच प्रवेशात तुकड्यातुकड्यांनी ही दोन वर्षं अंगावर आणते, आणि जाण्यापूर्वी पहिल्या अंकातलं तेच नाटुकलं पुन्हा म्हणते. शब्द तेच. म्हणणारी बाई दुसरी.

आता मागच्या तीन वर्षांकडे पाहू. चेकॉव्हने न दाखवलेली दोन वर्षं नटीला स्वतः जगून आणावी लागतात, आणि विंगेबाहेर घडलेलं ठरवून आत यायचं ही तर मिचेल यांची पहिली मागणी. एडाने घडून गेलेलं लग्न एका प्रवेशात सांगितलं होतं, चौथ्या अंकातली नीना दोन वर्षं सांगते. कॅरीने या भूमिका अशा हिशेबाने निवडल्या असं मी म्हणत नाही. त्या वयात निवडायला फारसं काही नसतं, जे येतं ते घ्यायचं असतं. पण जे आलं त्याने तिला बरोबर या कामासाठी तयार केलं.

समीक्षकांनी तिच्या नीनाचं भरभरून कौतुक केलं. प्रयोग चालू असतानाच तिला अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली, आठवडाभराचे प्रयोग हुकले, आणि ती परतली.

या चमूविषयी एक गोष्ट क्वचित बोलली जाते. नाटकातल्या चारही प्रमुख नटांपैकी एकानेही लंडनच्या ड्रामा स्कूलमधला अभिनयाचा पूर्ण अभ्यासक्रम केलेला नव्हता. एजिओफोर लॅम्डा या नामांकित संस्थेत दाखल झाला होता, पण कोवळ्या वयात स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘अ‍ॅमिस्टॅड’ मिळाल्याने शिक्षण अर्धवट सोडून गेला. क्रुक विनोदी कार्यक्रमांतून वर आला, ‘द ऑफिस’मुळे घराघरांत पोहोचला. आणि अर्कादिना करणाऱ्या स्कॉट टॉमसना तर लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये अभिनयाच्या वर्गात घेतलं नव्हतं. त्या पॅरिसला गेल्या, तिथे शिकल्या, आणि मग फ्रेंच व इंग्रजी दोन्ही भाषांत मोठ्या झाल्या. तीन नकार घेऊन आलेली नीना रोज रात्री अशा अर्कादिनासमोर उभी राहत होती. याचा अर्थ ड्रामा स्कूल निरुपयोगी असा होत नाही. मॅक्सवेल मार्टिन लॅम्डाचीच, आणि तिची एस्थर हे त्या शिक्षणाचं उत्तम प्रमाणपत्र आहे. अर्थ एवढाच, की रिक्सन यांनी नट निवडताना प्रमाणपत्रं पाहिली नाहीत.

एकटीच्या खांद्यावर

‘द सीगल’ संपल्यावर तीन महिन्यांच्या आत, ९ जून २००७ ला, बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा ‘ब्लिंक’ हा भाग दाखवला गेला. लेखक स्टीव्हन मोफॅट, दिग्दर्शक हेटी मॅकडॉनल्ड. या मालिकेत तेव्हा एक अडचण असायची. वर्षभराचे भाग वेळेत पुरे करायचे तर एकाच वेळी दोन भागांचं चित्रीकरण करावं लागे, आणि मुख्य नट एकाच ठिकाणी असू शकतात. म्हणून दरवर्षी एखादा भाग असा लिहायचा की ज्यात मालिकेचा नायक, डॉक्टर, जेमतेम दिसेल. ‘ब्लिंक’ हा तसा भाग. डॉक्टरचं काम करणारा डेव्हिड टेनंट नसल्यावर पाऊण तासाची गोष्ट ओढायला कुणीतरी हवं होतं. ती सॅली स्पॅरो, म्हणजे कॅरी.

गोष्टीत दगडी देवदूत आहेत. पाहणारा पाहत असेपर्यंत पुतळे, पापणी लवली की हलतात. देवदूतांचं काम रंगवलेल्या नट्यांनी केलं होतं, त्यामुळे भीतीचा बहुतेक भार पाहणारीच्या चेहऱ्यावर. त्यातला मधला प्रसंग तर अभिनयाच्या कुठल्याही वर्गात दाखवावा असा आहे. सॅली टीव्हीच्या पडद्याशी बोलते. पडद्यावरचा डॉक्टर कित्येक वर्षांपूर्वी मुद्रित झालेला आहे आणि तरीही तिच्या प्रत्येक वाक्याला बरोबर उत्तर देतो. तिच्या शेजारी बसलेला लॅरी हे संभाषण लिहून घेतो आहे. समोर नट नाही, त्याचा श्वास नाही, त्याची चूक सावरायची संधी नाही. रंगमंचावर नुकतंच जे तिने केलं होतं त्याच्या हे अगदी उलट. तरी आपण तिच्याकडे पाहतो आणि पडद्यामागे कुणीतरी जिवंत आहे यावर विश्वास ठेवतो, कारण ती ऐकते आहे. एडाचं तेच ऐकणं. या भागाला पुढे विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, मोफॅट यांना लेखनासाठी बाफ्टा मिळाला, आणि सॅली स्पॅरो हे नाव मालिकेच्या चाहत्यांच्या तोंडी कायमचं बसलं.

त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, पहिल्या महायुद्धाच्या स्मृतिदिनी, आयटीव्हीवर ‘माय बॉय जॅक’ हा टीव्हीपट आला. डेव्हिड हेग यांनी आपल्याच नाटकावरून लिहिलेला, आणि रुडयार्ड किपलिंगचं कामही त्यांनीच केलेलं. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. वडील लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिकवत, आणि ‘जेजे’च्या आवारातलं किपलिंगच्या नावाचं घर मुंबईकरांना ठाऊक आहे. साम्राज्याचा हा कवी युद्धज्वराने पेटून अधू डोळ्यांच्या मुलाला खटपटी करून सैन्यात घालतो, आणि १९१५ मध्ये लूसच्या लढाईत तो मुलगा नाहीसा होतो. मुलाचं काम डॅनियल रॅडक्लिफचं. कॅरी त्याची बहीण एल्सी. घरात वडिलांना जाब विचारणारी तीच. नट म्हणून हेग वयाने, अनुभवाने कितीतरी मोठे, आणि संहिताही त्यांचीच. त्यांच्यासमोर ती जराही दबत नाही. किटीपासून इथपर्यंतचं अंतर तीन वर्षांचं आहे.

सार्सगार्डसमोर, दोनदा

डेन्मार्कच्या दिग्दर्शिका लोन शेरफिग यांनी २००८ च्या सुरुवातीला ‘ॲन एज्युकेशन’चं चित्रीकरण केलं. पटकथा निक हॉर्नबी यांची, पत्रकार लिन बार्बर यांच्या आठवणींवर आधारलेली. १९६१ चं लंडनचं उपनगर, सोळा वर्षांची जेनी, ऑक्सफर्डचा ध्यास घेतलेले वडील, आणि तिच्याहून दुपटीने मोठा, मोटार घेऊन येणारा डेव्हिड. कॅरी तेव्हा बावीस वर्षांची होती. डेव्हिडच्या भूमिकेत अमेरिकन नट पीटर सार्सगार्ड.

त्याच वर्षी शरदात रिक्सन यांचं ‘द सीगल’ न्यूयॉर्कच्या वॉल्टर कर नाट्यगृहात गेलं. स्कॉट टॉमस, क्रुक आणि कॅरी तेच. एजिओफोरच्या जागी त्रिगोरिन झाला सार्सगार्ड. म्हणजे एकाच वर्षात, एकाच नटासमोर, मोठ्या वयाच्या मोहक पुरुषाच्या नादाने वाट सोडणाऱ्या दोन मुली तिने केल्या. एक कॅमेऱ्यासमोर, तुकड्यातुकड्यांत, क्रम सोडून. दुसरी रोज रात्री, अथपासून इतिपर्यंत.

जेनी पाहताना मला सतत जाणवतं की ही नटी नीना करून आलेली आहे. मोहाच्या प्रसंगांत ती मुलीला बिचारी करत नाही. जेनीला मजा येते, पॅरिस आवडतं, आपण शहाण्या आहोत असं वाटतं, आणि हे सगळं कॅरी खरं मानून करते. चेकॉव्हच्या पहिल्या अंकातल्या नीनाला हसायचं नसतं, तसंच जेनीलाही हसायचं नाही. फसवणूक कळल्यानंतरच्या प्रसंगात चेहरा एकदम वयस्क होतो. त्यासाठी काही वेगळं केल्याचं दिसत नाही. एवढं मात्र खरं, की त्याआधी चौथा अंक तिच्या अंगातून अनेक रात्री गेलेला होता.

नीनाही ब्रॉडवेवर तशीच राहिली नसणार. चारशेच्या आतल्या प्रेक्षागृहासाठी बांधलेलं काम नऊशेहून अधिक आसनांसाठी पुन्हा बसवायचं, त्रिगोरिन बदललेला, प्रेक्षक परके. दीड वर्षाने जुन्या भूमिकेकडे परत जाण्याची संधी तरुण नटांना क्वचित मिळते. मराठी नटाला शेकडो प्रयोगांची सवय असते, इंग्लंडमध्ये अशी नाटकं आठ-दहा आठवड्यांत आटोपतात. या प्रयोगांसाठी तिला ड्रामा डेस्क पुरस्काराचं नामांकन मिळालं. २१ डिसेंबरला ते बंद झाले. पुढच्याच महिन्यात सनडान्स महोत्सवात ‘ॲन एज्युकेशन’ दाखवला गेला, आणि त्यानंतरची गोष्ट सर्वश्रुत आहे.

तालमीचा खर्च कुणी दिला

जुन्या पिढीतले इंग्रज नट कुठे घडले असं विचारलं तर बर्मिंगहॅम, लिव्हरपूल अशा शहरांतल्या कायमस्वरूपी नाटक कंपन्यांची नावं येतात. दर दोन-तीन आठवड्यांनी नवं नाटक, आज नोकर, पुढच्या खेपेला राजपुत्र. विसाव्या शतकाच्या अखेरीस या कंपन्या जवळपास संपल्या. मग नवशिक्या नटाने लहान लहान भूमिकांत हात बसवायचा कुठे? कॅरीचं प्रकरण याचं एक उत्तर देतं. टीव्ही आणि चित्रपटांतल्या जुन्या काळच्या कथांत, ज्यात मोठमोठी कुटुंबं असतात, बहिणी, मैत्रिणी, आश्रित मुली असतात, आणि प्रत्येक जागी एक तरुण नट लागतो. किटी, एडा, इझाबेला, एल्सी. त्या जुन्या कंपन्यांनी एका हंगामात दिल्या असत्या अशाच या भूमिका आहेत.

आणि हे सगळं बऱ्याच अंशी सार्वजनिक पैशावर चाललं. रॉयल कोर्ट आणि अल्मेडा यांना आर्ट्स कौन्सिलचं अनुदान मिळतं. बीबीसी लोकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चालते. अनोळखी मुलीला मिचेल यांच्या हाताखाली तयार होऊ देणं, डिकन्सवर आठ तास खर्च करणं, मुख्य नटाशिवायचा भाग बावीसही पूर्ण नसलेल्या मुलीच्या हवाली करणं, हे धोके घ्यायला संस्थेच्या पाठीशी तिकीट खिडकीखेरीज काही असावं लागतं.

दुसरी बाजू अप्रिय आहे आणि ती सांगायलाच हवी. ऑस्करविजेता लेखक व्याख्यानाला येतो अशी शाळा फार थोड्या मुलींच्या वाट्याला येते. त्याच्या घरचं जेवण त्याहून थोड्यांच्या. तेवढीच ओढ असलेली, तेवढीच चांगली पत्रं लिहू शकणारी मुलगी उत्तर इंग्लंडच्या एखाद्या सरकारी शाळेत त्याच वर्षी असेलच, आणि तिच्या पत्राला पत्ता नव्हता. ड्रामा स्कूलमध्ये निदान अर्ज सर्वांना करता येतो, जरी प्रत्येक ऑडिशनचं शुल्क तेव्हा वेगळं भरावं लागत असे. त्यामुळे ‘बघा, ड्रामा स्कूलवाचूनही होता येतं’ असा निष्कर्ष या प्रकरणातून काढणारे मला घाईचे वाटतात. शाळेचं दार बंद झाल्यावर कॅरीला दुसरं दार सापडलं, कारण ते तिच्या अंगणात होतं. आत गेल्यावर जे केलं ते मात्र निखळ तिचं.

तारखा शेजारी शेजारी मांडल्या की आणखी एक गोष्ट दिसते. तिन्हींपैकी एका संस्थेने तिला घेतलं असतं, तर तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून ती साधारण २००६ च्या उन्हाळ्यात बाहेर पडली असती. आवाजाची मेहनत, देहबोली, शेक्सपिअरचं पद्य यांत ती अधिक पक्की झाली असती यात शंका नाही. पण रिक्सन यांच्या नाटकाची तालीम त्यानंतर काही महिन्यांतच सुरू होणार होती, आणि तिथे पोहोचताना तिच्या मागे ना ‘फॉर्टी विंक्स’ असतं, ना किटी, ना एडा, ना अँजेलिक.